मोराच्या पोटातले ठिपके

आमच्या भागात वीज गेली की आधी कानाला कळायचं. सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर, काम जास्त असेल तर रात्रभरही, यंत्रमागांची खटखट चालू असते. तिथे वाढलेल्या माणसाला ती ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते तिचं थांबणं. गल्लीतले सगळे माग एका झटक्यात गप्प झाले की आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "गेली." तोवर टीव्हीवरचा माझा पिवळा रणगाडा पडद्याच्या मधोमध एका पांढऱ्या ठिपक्यात आटून नाहीसा झालेला असायचा. आणि त्याच्याबरोबर, सकाळपासून एकेक वीट ठेवत उभा केलेला माझा नकाशाही.

सांगायचंय ते त्या नकाशाबद्दल. रणगाडा काय, सगळ्यांनीच चालवला.

१९९५ चा उन्हाळा. मी अकरा वर्षांचा. साखर पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत आम्ही राहायचो. डावीकडच्या बिऱ्हाडात तेलुगू बोलायचे, मागच्या बाजूला कन्नड, आणि आम्ही पोरं तिन्ही भाषांत भांडायचो. गल्लीत कोणाकडेही स्वतःचा व्हिडिओ गेम नव्हता. तो भाड्याने मिळायचा. व्हीसीआर भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराने दोन यंत्रं आणून ठेवली होती. चोवीस तासांचे तीस रुपये, शिवाय वहीत कोणातरी मोठ्या माणसाचं नाव लिहायचं. आम्ही सहा पोरं पाच-पाच रुपये काढायचो. माणशी चार तास, असा हिशेब माझ्या आतेभावाने केला होता. त्यात झोप, जेवण आणि वीज धरलेली नव्हती.

ते यंत्र म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानात १९८३ साली निघाला. त्याची नक्कल साखर पेठेत पोचायला बारा वर्षं लागली, पण आमच्यासाठी ती कालच निघालेली होती. फॅमिकॉम हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. यंत्राला 'टीव्ही गेम' म्हणायचं, वरून खोचायची ती 'कॅसेट', हातात धरायचा तो 'रिमोट'. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं. एवढे खेळ चोवीस तासांत संपवायचे कसे, याची पहिल्या दिवशी मला खरोखर चिंता लागली होती. यादी खाली ढकलत नेल्यावर कळलं की खेळ वीस-पंचवीसच आहेत, बाकी सगळी त्यांचीच नावं बदलून पुन्हा पुन्हा लावलेली. आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी तिथे शिकलो.

कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नाही, काढून पुन्हा बसवल्यामुळे धातूची टोकं नीट टेकतात एवढंच. उलट तोंडातल्या वाफेने ती टोकं खराबच होतात. हे आता माहीत आहे. तेव्हा फुंकर मारणं हा मान होता आणि तो ज्याच्या घरी टीव्ही त्याचा.

बदकांचा एक खेळ होता, 'डक हंट'. त्याची बंदूक प्लास्टिकची, वायरीने यंत्राला जोडलेली. आतेभावाचं म्हणणं, तिच्यातून दिसणार नाही असा किरण निघतो. प्रत्यक्षात तिच्यातून काहीच निघत नाही. चाप ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि फक्त बदक असेल तिथे पांढरा चौकोन उमटतो. नळीत बसवलेल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. म्हणजे बंदूक मारत नाही, बघते. (म्हणूनच पुढे सपाट पडद्याचे टीव्ही आले तेव्हा ती एका रात्रीत आंधळी झाली.) पण त्या खेळातली खरी मजा वेगळी होती. एकच बदक उडतं त्या प्रकारात, बंदूक एकाच्या हातात असताना दुसऱ्याने रिमोट दाबला तर बदक त्याच्या इशाऱ्यावर उडतं. हे कळल्यावर सगळे बंदुकीसाठी भांडायचे आणि मी गपचूप रिमोट घ्यायचो. समोरचा कुठे नेम धरणार ते ओळखायचं, शेवटच्या क्षणी वळायचं, आणि मधूनच, तो फार चिडू नये म्हणून, मरायचंसुद्धा. मुद्दाम मरण्यातही एक कला आहे, हे तेव्हा कोणाला सांगितलं असतं तर मार खाल्ला असता.

आणि टँक. खरं नाव 'बॅटल सिटी', नामको कंपनीचा, १९८५ चा. खाली विटांच्या कुंपणात एक गरुड बसलेला, वरून शत्रूचे वीस रणगाडे तीन दारांनी येणार, गरुड फुटला की खेळ खलास. सुरुवातीच्या पडद्यावर तीन ओळी असायच्या. एक जण, दोन जण, आणि तिसरी ओळ 'कन्स्ट्रक्शन'. ती कोणी दाबायचं नाही. का, तर रस्त्यावर खोदकाम चालू असलं की तिथे तोच शब्द लिहिलेला असतो. आमचा समज असा की खेळाचा तेवढा भाग अजून बांधून व्हायचाय.

एका दुपारी सगळे झोपले होते. सोलापुरातली मे महिन्याची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही. खिडकीला ओली चादर लावलेली, रस्त्यावर कुत्रंही नाही. माझी पाळी नव्हती, पण ज्याची होती तो घोरत होता. मी ती तिसरी ओळ दाबली.

काळं मैदान आलं. शत्रू नाही, संगीत नाही. लुकलुकणारा एक रणगाडा, तो गोळी झाडेना. बटण दाबलं तर त्याच्या जागी वीट आली. पुन्हा दाबलं तर विटेचा आकार बदलला, मग पोलाद, मग पाणी, झाडी, बर्फ. मी पुढच्या घरात सरकलो, दाबलं, तिथेही. आडवी तेरा घरं, उभी तेरा. अर्ध्या तासाने मी एक भिंत बांधली होती आणि अंगावर काटा आला होता. भिंतीचं विशेष नव्हतं. मला तोपर्यंत वाटायचं की खेळातल्या भिंती तिथे असतातच, जसं सिद्धेश्वर तलावात पाणी असतं. आता कळलं की ते पस्तीस नकाशे कोणीतरी असेच एकेका घरात विटा ठेवत बसून केलेत. अमुक ठिकाणी पाणी आहे, कारण मी तिथून पळणार हे त्याला आधीच माहीत होतं. कोणीतरी, कुठेतरी, माझा विचार करून बसला होता.

तेवढ्यात अप्पा, म्हणजे माझे वडील, जेवायला घरी आले.

अप्पा एका चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. सोलापुरी चादरीवरचा मोर, फुलं, कडेची वेलबुट्टी हे सगळं आधी कागदावर बारीक चौकोनांत उतरतं. एक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. चौकोन भरला की उभा धागा वर, रिकामा ठेवला की खाली. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात, पत्ते एकाखाली एक दोऱ्याने ओवतात, आणि ती माळ मागाच्या डोक्यावर बसवलेल्या, धागे उचलणाऱ्या जकार्ड नावाच्या यंत्रात फिरते. एक पत्ता म्हणजे एक आडवा धागा. भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मोर एवढाच. आहे, नाही, आहे, नाही.

"काय करायलास?" त्यांनी विचारलं.

"भिंत बांधायलोय."

ते चपला काढता काढता थांबले. मी झाडी ठेवली, पाणी ठेवलं, ते बघत राहिले. मग म्हणाले, "हे ग्राफच हाय की." आणि हात धुवायला गेले.

त्या संध्याकाळी वीज गेली आणि नकाशा गेला. टँकमध्ये बांधलेलं जपून ठेवायची सोय नाही. यंत्र बंद झालं की सगळं पुसलं. मी रडलो, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी अप्पांनी कारखान्यातून ग्राफच्या कागदाच्या उरलेल्या पट्ट्या आणल्या, कडेच्या, ज्या नाहीतरी कापून टाकतात, आणि म्हणाले, "आधी कागदावर काढ. माग चालू असताना कोण डिझाईन करतंय का?"

तिथून पुढे माझा सगळा उन्हाळा त्या पट्ट्यांवर गेला. तेरा बाय तेराचा चौकोन आखायचा. फुली म्हणजे वीट, भरीव म्हणजे पोलाद, नागमोडी रेघ म्हणजे पाणी, ठिपका म्हणजे झाडी. यंत्र भाड्याने यायचं आठवड्यातून एखादा दिवस. उरलेले सहा दिवस मी कागदावर खेळायचो. वीज गेली तर दहा मिनिटांत पुन्हा बांधून व्हायचं.

माझा पहिला 'पक्का' नकाशा मला अजून आठवतो, कारण तो भिकार होता. गरुडाभोवती सगळीकडून पोलाद. शत्रूच्या गोळीने पोलाद फुटत नाही. मी अभिमानाने पोरांना बोलावलं. पाच मिनिटं सगळे हिरिरीने खेळले, मग आतेभावाने रिमोट ठेवून दिला. "काय बे, गरुड मरतच नाही की!" तक्रार माझ्या लक्षातच येईना. गरुड मरू नये म्हणूनच तर सगळे धडपडत होते, मग मी ती सोय करून दिली तर चिडता कशाला?

रात्री अप्पा कंदिलाशेजारी मोर भरत बसले होते. घरी आणलेलं जादा काम. मोराचं पोट चांगलं मोठं, गोल. त्यांनी ते एका रंगात सलग भरलं नाही; आत बारीक बारीक ठिपके सोडत गेले. मला ते नेहमी नक्षी वाटायची. विचारलं तर म्हणाले, "नक्षी नाय रे. आपली चादर दुहेरी विणीची. वरचं कापड वेगळं, खालचं वेगळं, रंग बदलतो तिथं दोन्ही एकमेकांत गुंततात. एवढं मोठं पोट सलग सोडलं तर गुंतणारच नाही. फुगतं मग. धुतलं की पिशवी होती नुसती. म्हणून ठिपके द्यायचे. डिझाईन बसलं पाहिजे, नुसतं दिसून काय उपयोग?"

'बसलं पाहिजे' हा त्यांचा शब्द. चांगलं, वाईट, सुंदर असलं काही ते म्हणायचे नाहीत. बसलं किंवा नाही बसलं.

दुसऱ्या दिवशी मी पोलादात एक फट ठेवली, एका विटेएवढी, उजव्या हाताला. आतेभाऊ पहिल्या मिनिटातच मेला. दुसऱ्यांदा दोन मिनिटं टिकला. तिसऱ्यांदा त्याने फटीसमोर स्वतःचा रणगाडा उभा करून ठेवला आणि वरून येणारे एकेक टिपायला लागला, आणि मला कळलं की फट मी ठेवली खरी, पण तिथे उभं राहायची कल्पना त्याची. मी ती कागदावर काढलेली नव्हती. तो जिंकून गल्लीत ओरडत फिरला. मी आत बसून त्या फटीकडे बघत होतो.

मारिओबद्दल न लिहिता असा लेख संपवता येत नाही. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स', शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा. अख्खा खेळ चाळीस किलोबाइट, म्हणजे आज फोनवर काढलेल्या एका फोटोच्या कितीतरी पट लहान. बत्तीस टप्पे त्यात कसे मावले? काटकसरीने. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, एकदा पांढऱ्या रंगात, एकदा हिरव्या. हे मी खूप उशिरा वाचलं आणि हसू आलं, कारण हा प्रकार आमच्या अंगाखाली रोज असायचा. चादर एका बाजूने लाल जमिनीवर पांढरा मोर, उलटी केली की पांढऱ्यावर लाल. उन्हाळ्यात आई पांढरी बाजू वर घालायची, "डोळ्यांना गार" म्हणून.

त्या खेळाच्या पहिल्या काही पावलांचं वर्णन मियामोतो यांनी स्वतः केलेलं आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून माणूस आपोआप उजवीकडे चालायला लागतो. समोरून एक रागीट भुवयांचं मशरूमसारखं प्रकरण येतं, ते वाईट आहे हे चेहऱ्यावरूनच कळतं. उडी मारावी लागते. उडी मारताना डोकं चौकटीला आपटतं, बक्षीस बाहेर पडतं, ते घरंगळत जाऊन पाइपला धडकतं आणि उलटं आपल्याकडेच येतं. घ्यायचं नसलं तरी अंगावर येतं आणि मारिओ मोठा होतो. एका ओळीचीही सूचना नाही. इंग्रजी धड वाचता न येणारी साखर पेठेतली सहा पोरं हे सगळं दहा मिनिटांत शिकली होती, आणि कोणी शिकवलं असं एकालाही वाटलं नव्हतं.

'कॉन्ट्रा' या खेळातला बटणांचा मंत्र तेवढा सांगतो. दोनदा वर, दोनदा खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए. तीस जीव मिळायचे. हा मंत्र कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात 'ग्रेडियस' नावाच्या दुसऱ्या खेळासाठी घातला होता, कारण तो इतका अवघड झाला होता की तपासताना त्यांना स्वतःलाच पार होईना. इंटरनेट नाही, मासिक नाही, तरी तो सोलापुरात कसा आला? कोणाचातरी मावसभाऊ मुंबईहून घेऊन आला होता म्हणे. २०२० च्या फेब्रुवारीत हाशिमोतो गेल्याची बातमी वाचली तेव्हा आतेभावाला फोन केला. त्याने नाव कधी ऐकलं नव्हतं. "वर वर खाली खाली" एवढंच मी म्हणालो, पुढचं त्याने म्हटलं.

नंतर नवी पेठेतल्या एका बोळात व्हिडिओ गेम पार्लर निघालं आणि आमचं भाड्याचं यंत्र बाद झालं. रुपयाला एक कॉइन. पत्र्याचं छप्पर, आत अंधार, घामाचा आणि तळलेल्या मिरचीचा वास, आणि मुस्तफा. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा. चार पात्रांतला एक पिवळ्या टोपीचा मुस्तफा, आणि आमच्याकडे अख्खा खेळच त्याच्या नावाने ओळखला जायचा. पुढे कळलं की सोलापुरातच नाही, देशभर हेच. खेळ बनवणाऱ्यांनी नाव काय ठेवलं याला काही अर्थ नसतो.

त्या पार्लरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आज आपण मोबाइलवरच्या खेळांना शिव्या देतो, की ते पैसे काढतात, जाहिराती दाखवतात, पोरांना गुंगवून ठेवतात. मीही देतो. पण मेल्यावर पडद्यावर दहापासून उलटे आकडे सुरू व्हायचे आणि मी खिशात हात घालून कॉइन शोधायचो, तेव्हाही कोणीतरी माझा विचार करूनच बसलेलं होतं. दहाच का? पाच असते तर पैसे काढायला वेळ पुरला नसता, तीस असते तर शहाणपण सुचलं असतं. शेजारच्या अव्वा दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, हजारावर मजुरी मिळायची. त्यांचा नातू त्यातलेच पैसे घेऊन पार्लरमध्ये यायचा. एका दुपारी त्याने शेवटच्या राक्षसापुढे नऊ रुपये घालवले. त्याच्या बाजूला उभं राहून मी त्याला 'मार की बे, मार' म्हणत होतो. ते नऊ रुपये मला अधूनमधून आठवतात.

शाळेत संगणक आले ते आठवीत. पाच संगणक, चाळीस पोरं, चपला बाहेर. त्यात क्यूबेसिक नावाची प्रोग्राम लिहायची भाषा होती आणि तिच्यासोबत एक माकडांचा खेळ, दोन इमारतींवरून एकमेकांना केळी फेकून मारायचा. सुरू होताना तो गुरुत्वाकर्षण किती ठेवू असं विचारतो! शिवाय त्याचा सगळा प्रोग्राम उघडून वाचता यायचा. सर बाहेर गेले की मी आकडे बदलायचो. बाकी पुढचं सगळं चारचौघांसारखं: डिप्लोमा, डिग्री, पुणे, बँकांची सॉफ्टवेअर, हिंजवडीचा ट्रॅफिक.

कॉलेजात असताना जकार्डची गोष्ट वाचली. फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला, चार्ल्स बॅबेजने भोकाच्या पत्त्यांची ती कल्पना आपल्या गणनयंत्रासाठी उचलली, आणि एडा लव्हलेसने १८४३ मध्ये लिहिलं की माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणतं. मी हरखून गेलो. सुट्टीत घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं, तुम्ही म्हणजे प्रोग्रामरच की, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पत्ते किती लागायचे त्यांना?" जकार्डचं स्वतःचं एक रेशमी चित्र विणलं होतं, त्याला चोवीस हजार लागले होते, मी सांगितलं.

"चोवीस हजार? मालक हाकलून देईल."

तोवर त्यांच्या कारखान्यातही संगणक आला होता. ग्राफ पडद्यावर निघायला लागले. ते काम करणारा मुलगा बावीस वर्षांचा होता आणि अप्पांना 'काका, हे कसं बसवायचं' विचारायला यायचा. काही वर्षं विचारत राहिला. मग विचारायचा थांबला. अप्पांनी त्याबद्दल घरात कधी काही काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

२०१५ साली मारिओला तीस वर्षं झाली. लोकांना स्वतःचे टप्पे बांधता येतील असा 'सुपर मारिओ मेकर' त्या वर्षी निघाला, आणि त्यानिमित्ताने मियामोतो आणि तेझुका जुने कागद घेऊन बसलेले दिसले. त्यांनी पहिल्या मारिओचे टप्पे हाताने काढले होते. ग्राफच्या कागदावर. एकेक चौकोन भरत. बदल करायचा तर वर पारदर्शक कागद ठेवून. मी पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये रात्री दीड वाजता ते बघत होतो. पडद्यावर जपानी म्हातारा बोट ठेवून दाखवत होता, इथे पाइप, इथे खड्डा. बोट ठेवायची पद्धत तीच, चौकोन मोजताना नखाने टेकत टेकत जाण्याची. मी व्हिडिओ थांबवला आणि थोडा वेळ तसाच बसलो. त्या आठवड्यात मी स्वतःचा खेळ करायला घेतला. तोपर्यंत वीस वर्षं 'करायचाय' म्हणत होतो.

तो पुरा व्हायला सहा वर्षं लागली. नोकरी करून, रात्री. कल्पना साधी आहे. एक मुलगा रात्री यंत्रमागांच्या भागातून घरी निघालाय. वीज आहे तोवर सगळं दिसतं, पण माग चालू असल्याने वाटा बंद. वीज गेली की माग थांबतात, वाट मोकळी होते, पण दिसत नाही. मघाशी पाहिलेलं आठवून चालायचं. वीज कधी जाणार आणि कधी येणार हे मी ठरवतो. लहानपणी ज्या गोष्टीने माझे नकाशे पुसले, तिचं बटण माझ्या हातात. आजवर हा खेळ ८७ जणांनी उतरवून घेतला, त्यातले निदान चार मीच, वेगवेगळ्या फोनवरून.

गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला गेलो होतो. नंदीध्वज बघून आलो, होम मैदानावर मुलीला पाळण्यात बसवलं, रात्री घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. जेवण झाल्यावर लॅपटॉप अप्पांपुढे ठेवला. ते आता बहात्तरचे आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आयुष्यात कधी कुठला खेळ खेळलेले नाहीत. मी कळा दाखवल्या, पुढे जायचं, मागे जायचं, थांबायचं.

ते आधी काही दाबेनातच. चष्मा वर करून पडदा बघत राहिले. मग मागच्या भिंतीवर बोट टेकवलं. "हा सांधा दिसतोय." ती भिंत मी विटांचं एकच चित्र शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा लावून केली होती, आणि एका ठिकाणी विटांची ओळ एका चौकोनाने सरकली होती. सहा वर्षांत मला दिसली नव्हती. पुढे म्हणाले, "रंग फार घेतलेस."

"आता रंगाला पैसे पडत नाहीत, अप्पा."

"म्हणून काय झालं?"

मग त्यांनी कळ दाबली आणि मुलगा चालायला लागला. डावीकडे. मी जन्मभर खेळलेल्या प्रत्येक खेळात माणूस उजवीकडे जातो. मियामोतोने आम्हाला तसं वळण लावून ठेवलंय. माझा खेळ तपासणारा प्रत्येक जण उजवीकडेच गेला होता. अप्पांना कोणी वळण लावलेलं नव्हतं. मुलगा डावीकडे चालत राहिला. एक खांब गेला, एक बंद दार गेलं, मग नुसती जमीन आणि काळं आकाश. तिकडे मी काही ठेवलेलंच नव्हतं. ते थांबेनात. शेवटी मुलगा काहीच नसलेल्या एका जागी अडकला आणि जागच्या जागी पाय हलवत राहिला.

"इकडं काय आहे?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही. घर उजवीकडे आहे."

"मग इकडं येऊ कशाला दिलंस?"

मुलगी त्यांच्या मांडीला टेकून बघत होती. ती म्हणाली, "आजोबा, तिथे कुत्रा ठेवायला पाहिजे." अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग उठून कपाटातून जुनी फाइल काढली. आत ग्राफच्या कागदाच्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या होत्या, कडेच्या. एक तिच्यापुढे ठेवून त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. "किती मोठा?" त्यांनी तिला विचारलं. "किती चौकोनात बसवायचा?"